खरकटं राहू द्या

कायानीत नोव्हेंबरमध्ये तीन वाजता दिवा लावावा लागतो,
म्हणून ग्लास उजेडाकडे धरायचा
म्हणजे स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली.
रायली मोइलानेननी सहा ग्लास ओळीने मांडून ठेवले होते,
कोर्टात पुरावे मांडावेत तसे.
"मशीन बिघडलंय. बघा, धुकं."

मी व्हिनेगरचं फडकं फिरवलं.
क्षार असले तर निघतात.
नसले तर बातमी वाईट.
निघालं नाही.
"हा डाग नव्हे, बाई. काच झिजलीय.
भांडी रोज कशी लावता, लावून दाखवा."

त्यांनी बाह्या सारल्या.
आधी गरम पाणी. मग ब्रश.
राईच्या लापशीचा वाडगा, कडेला सुकलेली रेघ नखाने काढून.
शेपूचं एकच पान चिकटलेली ताटली, ती दोनदा विसळून.
निथळून, पुसून(!), मग आत.
ताटल्या सगळ्या मध्याकडे तोंड करून,
भांड्याला भांडं लागणार नाही एवढ्या अंतरावर.
चमचे एक डोकं वर, एक खाली,
म्हणजे एकमेकांच्या कुशीत शिरत नाहीत.
पाण्याचा पंखा कशाला अडतो का, तेही बोटाने फिरवून पाहिलं.
अठरा वर्षं मी हीच कामं करतो,
पण त्या रचनेत बोट ठेवायला जागा नव्हती.
शेवटी पावडर. खण काठोकाठ,
वर आणखी एक चमचा,
कुणी पंगतीतून अर्धपोटी उठू नये अशा बेताने.

कोचावरून भाऊ, वेइक्को, रेडिओवरची हॉकी चालू ठेवून:
"दोन वर्षं धुतलेलीच भांडी धुतंय ते बिचारं."

मी समजावलं. आपल्याकडचं पाणी मऊ.
पावडरीतल्या एन्झाइमना काम लागतं:
पिठाचा थर, अंड्याचा बलक, डुकराच्या चरबीचा ओघळ.
ताटलीवर काहीच सापडलं नाही
की सगळी पावडर काचेच्याच हात धुऊन मागे लागते.
मोठं ते खरवडून टाका. बाकी खरकटं राहू द्या.
पावडर निम्मी.

बराच वेळ फक्त हॉकी.
मग त्या म्हणाल्या,
"शाळेच्या भांडीघरात होते. एकतीस वर्षं.
दिवसाला चारशे दहा ताटल्या.
उष्टं भांडं कधी कुणाच्या हातात दिलं नाही."
"यंत्राला काय कळतंय?"
"मला कळतं ना."

तेव्हा मी त्यांची बोटं पाहिली.
पेरांवरची कातडी किती वेळा सोलून पुन्हा आलेली,
धूसर, गुळगुळीत.
तिथे व्हिनेगरचं फडकं फिरवण्यात अर्थ नव्हता.

कॉफी झाली. वेलची घातलेला पाव झाला.
मी कप उचलला आणि सवयीने नळाखाली धरायला गेलो.
"अंहं," त्या म्हणाल्या. "तसाच."
मी खालच्या कप्प्यात ठेवला.
त्यांनी एक शब्द न बोलता तो वरच्या कप्प्यात नेला,
जरा कलता, म्हणजे बुडाच्या खोबणीत पाणी साचत नाही.
आतलं कॉफीचं काळं वर्तुळ मात्र
त्यांनी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.
निम्मी पावडर पुन्हा डब्यात ओतली,
तळव्याला चिकटलेले कणसुद्धा झटकून.
दार लागलं. आत पाणी शिरल्याचा आवाज आला.

"आता काय करू?" त्यांनी विचारलं.
"दोन तास दहा मिनिटं," मी म्हणालो,
जणू त्यांनी वेळच विचारली होती.

पुढचं गिऱ्हाईक पाल्तामोला, आणि रस्त्यावर बर्फ.
बूट चढवताना मागे वळलो.
त्या मशीनच्या दाराला डावा तळहात टेकवून उभ्या,
आतलं ऊन पाणी बाहेर जाणवतंय का बघत.
आणि उजव्या हाताचा अंगठा
दोन बोटांवर फिरत होता, गोल, गोल,
तिथे नसलेल्या कपाचा
तळ घासत.